तक्ता कोणी भरायचा? प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची चेन्नईपर्यंतची वाटचाल

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले कार्यालयीन काम चेन्नईच्या झोहो या कंपनीच्या साधनांवर हलवीत असल्याचे जाहीर केले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंत्रालयाच्या उच्च शिक्षण विभागाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस-संच वापरण्याची सूचना दिली. चर्चा झाली ती ई-मेलची आणि लेखन, हिशेब व सादरीकरण यांच्या साधनांची. स्वदेशी की परदेशी हा प्रश्न अर्थातच सर्वांत पुढे होता. परंतु एखाद्या कार्यालयाने, प्रयोगशाळेने वा कारखान्याने आपल्या गटासाठी प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर निवडावयाचे ठरविले, तर एवढा एकच निकष पुरत नाही. ई-मेलची सेवा बदलली तरी पत्रातील मजकूर तोच राहतो. प्रकल्पाचे साधन बदलले की ‘काम’ कशाला म्हणावे, ते पूर्ण झाले असे केव्हा समजावे आणि उशीर झाल्याचे कोणी सांगावे, या गोष्टीच बदलतात. ही साधने निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या प्रकारच्या कामांतून जन्माला आली आणि त्या कामांचे संस्कार त्यांच्यावर आजही आहेत.

यांतील सर्वांत जुने रूप म्हणजे आडव्या पट्ट्यांचा तक्ता. पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ मध्ये असा तक्ता मांडला होता. पण नाव झाले ते अमेरिकन अभियंता हेन्री गँट याचे. गँटचे तक्ते १९१०च्या दशकात कारखान्यांत रूढ झाले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धसामग्रीच्या कामी आले. डावीकडे कामांची नावे, वर तारखा, आणि प्रत्येक कामासमोर त्याच्या कालावधीएवढी पट्टी. आजही कोणत्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती हीच आकृती. तिच्यातील उणीव मात्र पुढील चाळीस वर्षे तशीच राहिली. एक पट्टी लांबली तर दुसऱ्या कोणत्या पट्ट्या सरकतील, हे मूळ तक्ता पाहून सांगता येत नसे.

ती उणीव रसायन-उद्योगात भरून निघाली. १९५७ च्या सुमारास ड्यू पॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी कामांचे परस्परावलंबन संगणकाला सांगण्याची रीत बसविली. संगणक होता युनिव्हॅक. या रीतीलाच पुढे क्रिटिकल पाथ पद्धत, मराठीत निर्णायक मार्ग पद्धत, असे नाव मिळाले.

ही कल्पना एका छोट्या उदाहरणाने समजते. महाविद्यालयातील एका गटाला एक प्रायोगिक उपकरण उभारायचे आहे. संवेदक मागविण्यास ६ आठवडे लागतात, आज्ञावली लिहिण्यास ४ आणि सांगाडा तयार करण्यास २. तिन्ही कामे एकाच वेळी सुरू करता येतात. ती सगळी झाली की जोडणीला १ आठवडा आणि चाचणीला २. एकूण वेळ ९ आठवडे, कारण संवेदक, जोडणी, चाचणी ही साखळी सर्वांत लांब आहे. तोच निर्णायक मार्ग. आज्ञावलीच्या कामाला २ आठवड्यांची सवड आहे, सांगाड्याला ४ आठवड्यांची. सांगाड्यावर आणखी चार विद्यार्थी लावले तर प्रकल्प एक दिवसही लवकर संपणार नाही. संवेदक मात्र तीन दिवस उशिरा आला तर सारा प्रकल्प तीन दिवसांनी पुढे जाईल. पाच कामांसाठी हे गणित कागदावर होते. पाच हजार कामांसाठी संगणक लागतो. रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो तेव्हा प्रत्येक तासाचे नुकसान मोजले जाते. ड्यू पॉन्टला संगणकाचा भारी खर्च परवडला तो यामुळेच.

त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलाने पाणबुडीतून डागायच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही पद्धत विकसित केली. ड्यू पॉन्टला दुरुस्तीची कामे आधीच ठाऊक होती; पोलॅरिसची बरीचशी कामे पूर्वी कोणीच केलेली नव्हती. म्हणून पर्टमध्ये प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घेतले जात: सर्व काही सुरळीत झाल्यास, नेहमीप्रमाणे झाल्यास आणि सर्व काही बिघडल्यास. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन तिघांची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. वरच्या उदाहरणातील संवेदक लवकरात लवकर ४, साधारणपणे ६ आणि फारच झाले तर १४ आठवड्यांत येणार असेल, तर अपेक्षित काळ ७ आठवडे निघतो आणि ९ आठवड्यांचा प्रकल्प १० आठवड्यांवर जातो. अनिश्चितता मान्य करून तिला आकड्यात बसविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

जुलै १९६० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलॅरिस यशस्वीरीत्या डागले आणि पर्टची कीर्ती जगभर पसरली. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत ती भारतातही आली आणि आजही आहे. या कीर्तीची शहानिशा हार्वे सॅपोल्स्की या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने केली. पोलॅरिस प्रकल्पाच्या घडणीवरील १९७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने दाखवून दिले, की प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांनी पर्टचा फारसा आधार घेतलाच नव्हता. पद्धत पुरती तयार होण्याआधीच कामाचा बराच भाग मार्गी लागला होता. तिचा खरा उपयोग झाला तो वॉशिंग्टनमधील वरिष्ठांना आणि काँग्रेसला दाखविण्यासाठी. भिंतीवरील भव्य जाळे पाहून प्रकल्प शास्त्रशुद्ध हातांत आहे असा विश्वास बसे आणि बाहेरचा हस्तक्षेप टळे. सॅपोल्स्कीचा सूर तक्रारीचा नाही. असे संरक्षण मिळाल्याने पोलॅरिसचा फायदाच झाला, असे तो मानतो. परंतु त्याचे निरीक्षण या क्षेत्रातील प्रत्येक साधनाला लागू पडते. तक्ता काम करणाऱ्यांसाठी आहे की काम पाहणाऱ्यांसाठी, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना तो सोडविण्याची घाईही दिसत नाही.

मेनफ्रेमच्या काळात तर उत्तर ठरलेलेच होते. चेन्नईतील आयआयटी मद्रासमध्ये १९७३ च्या सुमारास आयबीएम ३७०/१५५ हा संगणक आला, तेव्हा तो देशातील सर्वांत शक्तिशाली संगणकांपैकी एक होता. अशा यंत्राचा वेळ मोलाचा असे. माहिती छिद्रित पत्रांवर टोचायची, गठ्ठा संगणक-केंद्रात द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. त्यामुळे जेथे जेथे जाळ्याचे गणित संगणकावर होई, तेथे ते नियोजन विभागाच्या ताब्यात असे. कामाच्या जागेवरचा तंत्रज्ञ फार तर विचारल्यावर तारीख सांगे. ती तारीख बदलल्याचे यंत्राला कळेपर्यंत ती पुन्हा एकदा बदललेली असे.

१९८०च्या दशकात वैयक्तिक संगणक आले आणि हे गणित टेबलावर उतरले. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रायमाव्हेरा ही कंपनी स्थापन झाली. १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती डॉस प्रणालीसाठी निघाली. प्रायमाव्हेरा म्हणजे वसंत ऋतू. उशिराचा हिशेब ठेवणाऱ्या साधनाचे याहून आशावादी नाव शोधून सापडणार नाही. ओरॅकलने २००८ मध्ये ती विकत घेतली आणि पूल, मेट्रो, वीजकेंद्रे अशा मोठ्या बांधकामांत ती आजही पाय रोवून आहे. मात्र एक गोष्ट बदलली नाही. फाइल एका नियोजकाच्या संगणकात असे आणि इतरांना तिची छापील प्रत मिळे.

दुसरे घराणे कारखान्याच्या जमिनीवरून आले. जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कानबान म्हणजे फलकाची किंवा चिठ्ठीची पद्धत रूढ केली. पुढच्या टप्प्याला भाग हवा असेल तेव्हाच मागच्या टप्प्याकडे चिठ्ठी जाते. मागणी नसताना माल साठत नाही. येथे शेवटची तारीख हा केंद्रबिंदू नाही. कोणत्याही क्षणी किती कामे अर्धवट आहेत, यावर सारे लक्ष. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही दृष्टी मानवली, कारण त्यांचे काम पुलासारखे संपत नाही. वापर सुरू झाल्यावरच निम्मी कामे सुचतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी जो ‘अॅजाइल’ जाहीरनामा काढला, त्यामागेही ठरलेल्या आराखड्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्याची हीच ओढ होती. फलकाची ही रीत पडद्यावर अगदी साध्या रूपात लोकप्रिय केली ती २०११ च्या ट्रेलोने: तीन उभे रकाने आणि त्यांतून सरकणारी पत्रे.

तिसरे घराणे दोषांच्या नोंदीचे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅटलासियन कंपनीने जिरा बाजारात आणले, ते मुळात आज्ञावलीतील चुका नोंदविण्यासाठी. नाव गोजिरा या जपानी चित्रपटराक्षसावरून घेतलेले. जिरामध्ये प्रत्येक गोष्ट एक तक्रारपत्र असते: कोणाकडे आहे, कोणत्या स्थितीत आहे, कोणी केव्हा हात लावला. पुढे याच साच्यात साऱ्या कंपन्यांची सारी कामे ओतली गेली. कार्यालयातील सुट्टीचा अर्जही जेव्हा ‘तिकीट’ बनतो, तेव्हा हे घराणे किती दूरवर पोहोचले आहे ते कळते.

चेन्नई या इतिहासात येते ती नेमक्या याच वळणावर. आयआयटी मद्रासमधून १९८९ मध्ये पदवी घेतलेले आणि पुढे प्रिन्स्टनमधून पीएच.डी. झालेले श्रीधर वेंबू यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये अॅडव्हेंटनेट ही कंपनी सुरू केली. तिचे मूळ काम अगदी वेगळे होते: नेटवर्कची उपकरणे बनविणाऱ्या कंपन्यांना त्या उपकरणांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर पुरविणे. २००१ च्या सुमारास दूरसंचार क्षेत्राचा फुगा फुटला आणि गिऱ्हाईकच उरेनासे झाले. कंपनीने बाहेरचे भांडवल घेतलेले नव्हते. त्यामुळे गुंतवणूकदारांचा ससेमिरा नव्हता, तसा त्यांचा आधारही नव्हता. कंपनी नव्या उत्पादनांकडे वळली. २००५ मध्ये झोहो रायटर व झोहो सीआरएम आले आणि २००६ मध्ये झोहो प्रोजेक्ट्स. २००९ मध्ये कंपनीचेच नाव झोहो झाले.

२००६ चा काळ महत्त्वाचा आहे. बेसकॅम्प हे ब्राउझरमध्ये चालणारे साधे प्रकल्प-साधन अमेरिकेत दोनच वर्षांपूर्वी निघाले होते. झोहो प्रोजेक्ट्सही ब्राउझरमध्येच उघडे: कामांच्या याद्या, टप्पे, चर्चा, सारे एका पत्त्यावर. नियोजकाच्या संगणकातील फाइल तेथे नाहीशी झाली आणि तारीख बदलण्याचा अधिकार, निदान तांत्रिकदृष्ट्या, प्रत्येक सदस्याच्या हाती आला. चेन्नईतील कंपनीला या रचनेचे महत्त्व वेगळे समजावून देण्याची गरज नसावी. चेन्नई आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेतेरा तासांचे आणि उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर असते. एकीकडचे लोक झोपतात तेव्हा दुसरीकडचे कामाला बसतात. शेजारच्या टेबलाशी जाऊन ‘कुठवर आलं?’ असे विचारण्याची सोय नसेल, तर प्रत्येक कामाचा ठावठिकाणा लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

याच कंपनीने २०१७ मध्ये झोहो स्प्रिंट्स हे दुसरे साधन काढले. प्रकल्प-व्यवस्थापनाचे एक साधन अकरा वर्षे चालू असताना दुसरे कशासाठी? प्रोजेक्ट्सची घडण टप्पे, अवलंबने आणि गँटच्या पट्ट्या यांभोवती आहे. स्प्रिंट्सची घडण दोन-तीन आठवड्यांच्या फेऱ्या, प्रतीक्षेतील कामांची रास आणि फलक यांभोवती. चुकांच्या नोंदीसाठी बगट्रॅकर हे आणखी तिसरे साधन. तिन्ही घराणी एकाच छताखाली नांदतात, पण वेगवेगळ्या नावांनी. एकच साधन सगळ्यांना पुरते असा दावा जाहिरातींतून कितीही ऐकू आला, तरी चेन्नईच्या दक्षिणेस ग्रँड सदर्न ट्रंक रस्त्यालगतच्या झोहोच्या संकुलातून निघालेली उत्पादनांची यादी वेगळेच सांगते.

त्याच परिसरात, चेन्नईपासून सुमारे ७० किलोमीटरवर, समुद्रकिनारी कल्पाक्कम आहे. तेथील ५०० मेगावॉटची फास्ट ब्रीडर अणुभट्टी हा वेळापत्रकाच्या मर्यादांचा जवळचा दाखला. ती बांधण्यासाठी २००३ मध्ये भाविनी ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मंजूर खर्च सुमारे ३,४९२ कोटी रुपये. बांधकामाचा प्रारंभ २००४ मध्ये. पूर्ततेचे लक्ष्य २०१०. २००४ मध्येच २६ डिसेंबरच्या त्सुनामीने पायाच्या खड्ड्यात समुद्राचे पाणी भरले. खर्चाचा सुधारित अंदाज ५,६७७ कोटींवर गेला आणि अणुभट्टीचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये. या दिरंगाईचे खापर कोणत्याही सॉफ्टवेअरवर फोडता येणार नाही. द्रवरूप सोडियमने थंड होणारी एवढी मोठी भट्टी देशात पूर्वी कोणी बांधलेली नव्हती. ‘नेहमीप्रमाणे झाल्यास किती दिवस’ या प्रश्नाला नेहमीचा अनुभवच उपलब्ध नव्हता.

येथे संभाव्यतेचे एक साधे गणित पर्टच्या मदतीला येत नाही. जोडणीपूर्वी तीन स्वतंत्र भाग वेळेवर यायला हवेत आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता ८० टक्के आहे असे मानू. तिन्ही वेळेवर येण्याची शक्यता ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ५१ टक्के. असे दहा भाग असतील तर ती ११ टक्क्यांच्याही खाली जाते. पर्टचे मूळ गणित केवळ सर्वांत लांब मार्गाची सरासरी पाहते; शेजारून चाललेल्या, जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या मार्गांकडे त्याचे दुर्लक्ष होते. त्यामुळे त्याचा अंदाज बहुधा आशावादी निघतो. संगणकावर हजारो काल्पनिक प्रयोग करून, म्हणजे माँटे कार्लो पद्धतीने, ही त्रुटी कमी करता येते. पण त्यासाठीही मूळ तीन अंदाज कोणीतरी खरे द्यावे लागतात. जेथे ‘१४ आठवडे लागू शकतील’ असे म्हणणाऱ्याला बैठकीत झापले जाते, तेथे पुढच्या वेळी ७ लिहिले जातात आणि संगणक त्या सातांवर निर्दोष आकडेमोड करून दाखवितो.

तेव्हा एखादा दहा-बारा जणांचा गट साधन निवडायला बसतो, तेव्हा वैशिष्ट्यांच्या लांबलचक तुलना बाजूला ठेवून आधी आपल्या कामाचे घराणे ओळखणे बरे. उपग्रहाचे उपांग बनविणारा किंवा प्रयोगशाळेची इमारत उभारणारा गट परस्परावलंबनांशिवाय आंधळा आहे. त्याला जाळे हवे. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या गटावर तेच जाळे लादले, तर दर सोमवारी पट्ट्या सरकविणे हेच एक नवे काम होऊन बसते. आणि पाच जणांचा गट एकाच खोलीत बसत असेल तर भिंतीवरील फळा व खडू यांना कमी लेखण्याचे कारण नाही. या साधनांचे दर बहुधा माणशी, दरमहा असतात. त्यामुळे पैसे वाचविण्यासाठी खाती मोजक्या लोकांनाच देण्याचा मोह होतो. ज्याच्याकडे खाते नाही तो आपली प्रगती दुसऱ्याला तोंडी सांगतो, तो दुसरा ती सवडीने भरतो, आणि छिद्रित पत्रांचा काळ मागच्या दाराने परत येतो.

साधन किती काळ टिकेल, हाही प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. जिरा स्वतःच्या सर्व्हरवर बसविण्याची जी आवृत्ती असंख्य संस्था वापरीत, तिचा आधार अॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबविला. प्रोजेक्ट ऑनलाइन ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ रोजी बंद होईल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. झोहोच्या भारतीय ग्राहकांची माहिती चेन्नई व मुंबई येथील केंद्रांत राहते, ही सरकारी कार्यालयांना आश्वस्त करणारी बाब खरी; परंतु माहिती देशात असणे आणि ती हवी तेव्हा बाहेर काढून दुसरीकडे वापरता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झोहो प्रोजेक्ट्सच्याच वर्षी, २००६ मध्ये, निघालेले रेडमाइन हे मुक्तस्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालविता येते. मात्र ते चालविण्यासाठी, अद्ययावत ठेवण्यासाठी व त्याच्या प्रती सुरक्षित ठेवण्यासाठी एक जाणकार माणूस कायम लागतो, आणि लहान गटांत तोच नसतो.

खरेदीपूर्वीच्या चाचणी-काळात एक प्रयोग सहज करता येतो. वीस-पंचवीस खरी कामे भरावीत, त्यांची अवलंबने जोडावीत, दोन-तीन तारखा मुद्दाम पुढे ढकलून त्याखाली कारणे लिहावीत आणि मग सारी माहिती बाहेर काढून दुसऱ्या साधनात भरून पाहावी. कामांची नावे, जबाबदार व्यक्ती आणि अंतिम तारखा बहुधा सुखरूप उतरतात. अवलंबनांचे धागे पुष्कळदा तुटतात. तारीख कोणी, केव्हा आणि का पुढे नेली याची नोंद जुन्या साधनातच मागे राहते, आणि ते खाते बंद झाले की तीही जाते.